हिरा नदी ओलांडत नाही

सुलभा,

तुला निरोप द्यायला आम्ही स्मशानाच्या त्या छोट्या हॉलमध्ये जमलो होतो, त्याला आता महिना होत आला. तुझ्या प्रोफेसरबाई बोलल्या, मराठी मंडळातले दोघं बोलले. तुझं शिक्षण, तुझा प्रबंध, तुझ्या आधीच्या कादंबऱ्या, सगळं व्यवस्थित सांगून झालं. मग तुझ्या लेकीने, तन्वीने, माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, मेधाला रडू आवरत नाहीये. खरं सांगू? मी रागावले होते. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, आणि तिथे उभं राहून तुझ्याविषयी चांगलं बोलणं म्हणजे तुला बोलू न देता भांडण जिंकणं. ते मला नको होतं. म्हणून आज लिहिते आहे.

आपली ओळख एका पार्सलवाल्याच्या गोंधळातून झाली. रेगेन्सबर्गमध्ये दोन इमारतींचं अंतर, आणि दोघींच्या बेलवर एकच आडनाव. तुझ्या पुस्तकांचं खोकं त्याने माझ्या दारात ठेवलं. मी तेव्हा गाड्यांच्या कारखान्यात नुकतीच लागले होते, दिवसभर ब्रेकच्या चाचण्या आणि जर्मन, मराठी ऐकायला कान आसुसलेले. तू खोकं न्यायला आलीस. मी गाव विचारलं, तू सांगितलंस, आणि मी जवळजवळ ओरडलेच, ‘अय्या, म्हणजे आपण नात्यातल्या!’

‘आहोतच,’ तू म्हणालीस. ‘फक्त तुमच्या घरात ते कुणी बोलत नाही.’

चहा होईपर्यंत तू सगळं सांगून टाकलंस, अगदी भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात. आमच्या घरात एक विकत घेतलेली कुणबीण होती. तिला मालकापासून मुलगा झाला. त्या मुलाचा वंश तुमचा. ‘लेकावळे म्हणतात आम्हाला. आडनाव मिळालं, पंगत नाही मिळाली.’ मला कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको एवढंच ठाऊक होतं. तू सांगितलंस, जुन्या कागदांत कुणबीण म्हणजे खरेदी केलेली बाई. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर आंदण द्यायची, गरज सरली की विकायची. मी चहा गाळायचा विसरले.

तू माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणायला लागले. तू लगेच थांबवलंस. ‘नावाने हाक मार. त्या घरात प्रत्येकाला नातं होतं, काकू, आत्या, वन्सं. आमच्या बाईला नव्हतं. आता एकदम ताई व्हायला मला जमणार नाही.’ तेव्हापासून तू सुलभा.

आई गेली तेव्हाचं मला आज फार आठवतंय. विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं होतं आणि मी घरात नुसती फिरत होते. तू आलीस, सांत्वनाचा एक शब्दही बोलली नाहीस. पिठलं टाकलंस, माझी बॅग भरलीस, आणि माझ्याशी मुद्दाम वाद उकरून काढलास, बाथरूमच्या फरशा कशाने घासाव्यात यावर. मी चिडले, तावातावाने बोलले, आणि बोलता बोलता रडले. तुझी माया अशी होती. भांडणातून यायची.

युनिव्हर्सिटीत तुझं कामही त्याच वाटेचं. गुलामीत राहिलेल्या माणसांचं दुखणं त्यांच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत कसं येतं आणि कादंबरीकार ते कसं लिहितात. जगभरच्या कादंबऱ्या तू वाचून काढल्यास. आणि मग एकदा वैतागून म्हणालीस, ‘आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत कुणबीण येते ती दिवा लावायला नाहीतर निरोप सांगायला. सरदार, मसलत, लढाया, सगळं होतं. दिवा लावून ती कुठे जाते? कुठे झोपते? लेखक तिच्यामागे कधी स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा गेलेला नाही.’

मी म्हटलं, ‘मग तू जा.’

तू गेलीस. त्यातून हिरा आली. तुझ्या पणजीच्या सासूला तू दिलेलं नाव, कारण खरं कुणालाच माहीत नव्हतं. तुझी आजी लेकीला घेऊन गाव सोडून पुण्याला आली, ते आडनाव तेवढं तुम्ही तिघींनी लावलंत, आणि मागचं ती काहीच बोलली नाही. प्रकरण लिहून झालं की तू मला बोलवायचीस आणि वाचून दाखवायचीस, आणि मी पहिली वाचक म्हणून जे वाटेल ते बोलायचं, असा करार होता. आपण इतक्या भांडायचो की तन्वी आतल्या खोलीतून जर्मनमध्ये ओरडायची, ‘आई, शेजारी तक्रार करतील!’

पहिलं मोठं भांडण मारहाणीवरून. मी म्हटलं, तिला मारलेलं दाखव, नाहीतर वाचकाला कळणार कसं? तू ठाम नाही म्हणालीस. ‘मार दाखवला की वाचक म्हणतो, अरेरे, किती क्रूर माणसं होती, आपण तशी नाही. आणि सुटतो. मला तो सुटायला नकोय. मी दाखवणार की कुणी आवाज न चढवतासुद्धा ती उठून उभी राहते.’

ते उभं राहणं तू कल्पनेने लिहिलेलं नव्हतं. तुझ्या आईचं होतं. टाळी वाजली की त्या उभ्या राहायच्या. गणपतीच्या आरतीला टाळ्या सुरू झाल्या की स्वयंपाकघरात निघून जायच्या. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या आईचंही तसंच होतं म्हणे. आणि तुझंही. तुझ्या प्रत्येक वाचनाआधी तू हात जोडून सांगायचीस, ‘कृपया टाळ्या नकोत.’ लोकांना तो विनय वाटायचा. मी एकदा पाहिलं होतं, उशिरा आलेल्या एका बाईंनी न कळून टाळी वाजवली आणि तू खुर्चीतून उठलीस, चेहरा कोरा, कुणीतरी काहीतरी सांगेल याची वाट बघितल्यासारखी. क्षणभरच. मग बसलीस आणि पाणी प्यायलीस.

तू कादंबरी लिहीत होतीस त्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्याच सुमारास फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गच्या मराठी मंडळींनी रविवारी दुपारी तुझं कादंबरीवाचन ठेवलं. मी बाबांना सांगितलं होतं, आपल्याच गावच्या बाई आहेत, कादंबरी आपल्या भागातली आहे. तुलाही सांगितलं, की बाबा येतायत. तू म्हणालीस, ‘येऊ दे. कधीतरी कुणीतरी त्या बाजूचं ऐकायलाच हवं.’ बाबांनी इस्त्रीचं जाकीट घातलं. गावच्या लेखिकेचा त्यांना अभिमान वाटत होता.

तू परसदाराचं प्रकरण वाचलंस. पाहुणे येतात, हिरा त्यांच्या पायावर पाणी घालते, आणि घरातल्या थोरल्या बाई तिच्याकडे न बघता नुसती बोटं हलवून तिला बाजूला करतात. माझ्या शेजारी बाबा हळूहळू ताठ होत गेले. वाचन संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत, तू सांगितलं होतंस तसंच. मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. आवाज अगदी सौम्य. ‘लिहिलंय सुरेख. पण आपल्याकडे गुलामगिरी अशी नव्हतीच हो. त्या बायकांना अगदी घरच्यासारखं वागवायचे.’

‘घरच्यासारखं,’ तू म्हणालीस. ‘त्यातला “सारखं” हा शब्द कधी सुटा म्हणून पाहिलाय का, काका?’

कुणीतरी हसलं. मग बाबा उठले. मी त्यांची बाही धरली, त्यांनी सोडवून घेतली.

‘मी त्या घरातला आहे,’ ते म्हणाले. ‘तुम्ही गावाचं नाव बदललंत, पण ते परसदार आमचं आहे. ती विहीर आमची आहे. त्या थोरल्या बाई म्हणजे हुबेहूब माझी आजी. देवमाणूस होती ती. तिला तुम्ही राक्षसीण करून टाकलंत. चार लोकांत.’

 एक लहान मुलगी बिस्किटाचा कागद उघडता उघडता थांबली. तू उठून उभी राहिलीस. आवाज चढवला नाहीस.

‘काका, तुमच्या आजीचं नाव काय होतं?’

‘अन्नपूर्णाबाई.’

‘आणि पाणी घालणारीचं?’

बाबांनी तोंड उघडलं. मी बघत होते. त्यांना खरंच सांगायचं होतं. ते आठवत होते, मनापासून आठवत होते, आणि काहीच येत नव्हतं. शेवटी ते खाली बसले. आयोजकांनी घाईघाईने चहा जाहीर केला.

परतीची तिकिटं आपण तिघांची एकत्र काढली होती. दुसरी गाडी धरावी असं माझ्या मनात आलं, पण तू म्हणालीस, ‘का? मी काही चोरी केलेली नाही आणि त्यांनीही नाही.’ फ्रँकफर्टहून गाडी सुटली. मी आणि बाबा एका बाजूला, मधल्या वाटेच्या पलीकडे तू. बाहेर अजून स्वच्छ ऊन होतं. न्युर्नबर्ग मागे पडलं. तू खिडकीकडे तोंड करून बसलेली.

मग बाबा बोलायला लागले. तुझ्याशी नाही, माझ्याशी, पण तुला ऐकू जाईल इतक्या आवाजात. म्हणाले, ते लहान असताना घरात एक म्हातारी होती. कायद्याने हे सगळं केव्हाच संपलं होतं, तरी ती होती. जिन्याखाली झोपायची. नाव त्यांनी कधी ऐकलंच नाही, कारण कुणी घ्यायचंच नाही. ‘आम्ही पोरंसुद्धा तिला टाळी वाजवून बोलवायचो. पाण्यासाठी वेगळी टाळी, पाय चेपायला वेगळी. आजीनेच शिकवलं होतं. मला फार मजा वाटायची, मेधा. मी एवढासा, आणि टाळी वाजवली की ती कुठूनही यायची. अशी—’

आणि त्यांनी टाळी वाजवली. हलकीच. डब्यातल्या इतरांनी मानही वळवली नाही.

तू उभी राहिलीस.

सुलभा, हे तू मला लिहायला सांगितलं होतंस. मी टाळत आले. आता लिहिते. तू उभी राहिलीस, पाठ ताठ, हात पुढे जुळलेले, नजर खाली. खिडकीकडे तोंड करून बसलेली बाई एका क्षणात आमच्याकडे वळून उभी होती. मग तुला कळलं तू काय केलंस. बाबांनाही कळलं. त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे.

तू बसली नाहीस. सीटची पाठ धरलीस. ‘परत वाजवा, काका.’

‘नाही.’

‘वाजवा. मला ऐकायचीय. माझी आई मरेपर्यंत तिला कळलं नाही की तिला कशाची भीती वाटते. वाजवा.’

‘मला नाही जमणार गं, पोरी,’ बाबा म्हणाले. 

तू दाराकडे निघून गेलीस. मी मागे येणार होते, तू हाताने थांबवलंस. काचेतून दिसत होतीस, दोन डब्यांच्या मधल्या जागेत, कपाळ खिडकीला टेकवून. परत आलीस तेव्हा तुझे डोळे कोरडे होते. बाबांच्या समोरच्या रिकाम्या सीटवर बसलीस आणि विचारायला लागलीस. ती कुठल्या कुशीवर झोपायची? ती गायची का? ती गेली तेव्हा तिला कुणी उचललं? बाबा एकेक सांगत होते. त्यांना जेवढं आठवत होतं तेवढं. मधेच त्यांनी हात जोडले. तू त्यांचे हात खाली केलेस. ‘माफी नको. त्याने तुम्हाला बरं वाटेल, मला काही मिळणार नाही. मला तिचं नाव हवंय. गावात अजून म्हातारी माणसं असतील. शोधाल?’

‘शोधतो,’ बाबा म्हणाले.

त्यानंतर मी तुझ्या मागे लागले. ही टाळी कादंबरीत घाल. याच्याहून मोठं तुला काय मिळणार? तू पहिल्या दिवसापासून नाही म्हणालीस.

‘ती टाळी माझी नाही. आम्ही उभ्या राहिलो, ते मी लिहिलंय. वाजवली तुम्ही. तुम्हीच लिहा.’

‘मी ब्रेकचे टेस्ट रिपोर्ट लिहिते, सुलभा.’

‘आल्झो, बरं तर, मग रिपोर्ट लिही. काय झालं तेवढंच. अलंकार नकोत.’

मला राग यायचा. वाटायचं, तू मला माझ्या आजी-पणज्यांच्या रांगेत नेऊन उभी करतेयस. तू म्हणायचीस, ‘मी कुठे उभी करतेय? तू तिथे जन्मलीस. मी इथे जन्मले. दोघींनी आपापली बाजू लिहू.’ 

पण खरं भांडण शेवटावरून. तुझ्या कादंबरीत सरकारचा हुकूम निघतो. सरकारी माणूस येऊन हिराला सांगतो, तू आता मोकळी. ती सकाळी निघते, शेतातून, बाभळीतून, नदीपर्यंत जाते. पाण्यात पाय बुडवून बसते. पलीकडे रस्ता आहे. आणि संध्याकाळी ती परत येते. मागच्या दाराने आत शिरते आणि पाणी भरायला घेते. संपलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुझा संताप आला. मी म्हटलं, एवढी तीनशे पानं तिच्याबरोबर चालल्यावर तू तिला परत त्या घरात ढकलतेस? ओलांडू दे ना तिला नदी! पाणी गुडघाभर आहे, तूच लिहिलंयस!

‘तुला सुटका हवीय,’ तू म्हणालीस, ‘म्हणजे पुस्तक मिटून शांत झोप लागेल.’

मी म्हटलं, निदान कारण तरी दे. तिचा मुलगा त्या घरात आहे, ती मुलासाठी परत आली असं एक वाक्य लिही. त्यावर तू टेबलावर हात आपटलास. ‘ते वाक्य लिहिलं की सगळे म्हणणार, आईचं काळीज! आणि त्या घराला सोडून देणार. तिला स्वतःलाच कारण माहीत नाही, मेधा. तिला कुणी न बोलावता कुठे जायचं असतं हेच ठाऊक नाही. दुखणं ते आहे. हुकमाने ते जात नाही. माझ्या आईचं गेलं नाही. माझं गेलं नाही, तू गाडीत पाहिलंस.’

मग तुझा आजार निघाला, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरूनच कळलं की हाताशी फार वेळ नाही. हॉस्पिटलमधली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी कामावरून सुटून आले तर तुझे ओठ सुकून पांढरे झालेले. पाण्याचा पेला टेबलाच्या टोकाला, तुझा हात पोचत नव्हता. नर्सला बोलवायची बेल तुझ्या उशीजवळच होती.

‘दाबली का नाहीस?’

तू मान फिरवलीस. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, ‘दाबून कुणाला तरी बोलवायचं... ते माणूस हातातलं टाकून धावत येणार. मला नाही होत ते, मेधा. प्रयत्न केला. बोट ठेवलं होतं.’

तू सकाळपासून तहानलेली होतीस. मी तुझ्यावर ओरडले, मरायला टेकलेल्या माणसावर ओरडले, आणि ती बेल मीच दाबली. नर्स आली. तुला पाणी पाजलं आणि म्हणाली, त्यासाठीच तर मी आहे इथे. तू तिची माफी मागितलीस. तिला काही कळलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा पुरतं कळलं की तू शेवट तसा का लिहिलायस. तुला मात्र ते सांगितलं नाही. उलट तुझा मूड बदलावा म्हणून म्हटलं, ‘हिराला नदी ओलांडू दे, मग मी तुला पाणी देते.’ तू खरंच हसलीस. ‘गेनाऊ, अगदी बरोबर. ब्लॅकमेल कर.’ मग थकून डोळे मिटलेस आणि पुटपुटलीस, ‘मी गेल्यावर तू शेवट बदलशील बघ.’ मी म्हटलं, ‘बदलेन.’ थट्टाच होती. दुसऱ्या दिवशी तू बोलण्यापलीकडे गेली होतीस, आणि ते ‘बदलेन’ तसंच राहिलं.

बाबांचं सांगते. परत गेल्यापासून ते खरंच शोधतायत. आमचं घर पाडून तिथे आता मंगल कार्यालय झालंय, पण बाबा गावात जातात, पारावर बसतात, घरोघर विचारतात. माझे दोन्ही काका त्यांच्याशी बोलेनासे झालेत, घराण्याची शोभा करतोस म्हणून. तू गेल्याचं कळवलं तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले, ‘मला उशीर झाला.’ मागच्या आठवड्यात त्यांना खालच्या आळीत एक फार म्हातारी बाई भेटली. तिने लहानपणी त्या जिन्याखालच्या म्हातारीला पाहिलं होतं. बाबांनी विचारलं, तिला काय म्हणायचे? बाई विचार करून म्हणाली, ‘काय म्हणायचं? अगं म्हणायचे.’ बाबा मला हे सांगताना फोनवर रडले, सुलभा. मी त्यांना आई गेल्यावरसुद्धा असं रडताना ऐकलं नव्हतं. तरी ते जाणारच आहेत पुन्हा. शेजारच्या गावात कुणी आहे म्हणतात.

आणि आता कादंबरी. पुण्याहून संपादकांचा फोन आला. सज्जन गृहस्थ आहेत, तुझ्याबद्दल फार आदराने बोलले. मग हळूच विषयावर आले. ‘मेधाताई, शेवट फार अंधारा वाटतो. वाचकाला थोडी उमेद हवी. नुसता एक परिच्छेद. ती पलीकडे जाताना दिसली तरी पुरे. तुम्ही त्यांच्या इतक्या जवळच्या. तुमचंही मत तेच होतं असं त्या मला म्हणाल्या होत्या.’

तू माझी चुगली त्यांच्याकडे केली होतीस तर! खोटं कशाला सांगू, मोह झाला. त्यांना जे हवं होतं ते मला वर्षभर हवं होतं, आणि आता अडवायला तू नव्हतीस. मी म्हटलं, पुस्तकाचा हक्क तन्वीचा आहे, तिला विचारून सांगते.

तन्वीला मराठी कळतं, वाचता येत नाही, तुला ठाऊकच आहे. शनिवारी सकाळी मी तिला तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलावर शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ती पाय वर घेऊन, मग गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती. हिरा नदीवरून परत येते तिथे मी थांबले. तन्वीने नेहमीसारखं जर्मनमध्येच विचारलं, ‘परत आली तेव्हा तिला दार कुणी उघडलं?’

मी पान पुन्हा पाहिलं. तू लिहिलं होतंस, मागच्या दाराला कडीच नव्हती. इतक्या वेळा भांडूनही ते वाक्य माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

‘म्हणजे ते तिला शोधायलाही गेले नाहीत,’ तन्वी म्हणाली. ‘त्यांना माहीत होतं, ती येणार.’ तिचे डोळे भरून आले होते. मी तिला संपादकांचं म्हणणं सांगितलं, आणि माझंही मत लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, फोन लाव.

मी स्पीकरवर लावला. संपादक बोलायला लागले, आधी सांत्वन, मग उमेद, मग वाचक. तन्वी त्यांना मधेच थांबवून बोलली. मराठीत. तुझ्याशीसुद्धा जी धड मराठी बोलायची नाही, ती पोरगी एकेक शब्द जुळवत बोलत होती. ‘नाही. आईचं... बदलायचं नाही. हिरा परत येते. तिला जाता येत नाही. तसंच छापा. प्लीज.’ मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी संपादकांना म्हटलं, माझंही तेच उत्तर समजा.

पुस्तक तू लिहिलंस तसंच छापायला गेलंय. मी एक स्वल्पविरामही हलवू दिला नाही.

तरीही ऐक. मला तुझं अजूनही पटलेलं नाही. कालच माझ्या डोक्यात आलं, की नदीपर्यंत जाऊन आलेली हिरा आणि सकाळी निघालेली हिरा एक कशा असतील? तिने पलीकडचा रस्ता पाहिलाय. पाणी गुडघाभरच आहे हे तिच्या पायांना कळलंय. रात्री घागर भरताना तिला ते आठवणार नाही? आणि तू त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. का नाही लिहिलास? हा मुद्दा मी इतक्या दिवसांत कधी काढला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी बूट घातले, किल्ली घेतली, तुझ्याकडे यायला म्हणून अर्धा जिना उतरले. मग तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई सामान घेऊन चढत होत्या, त्यांनी विचारलं बरं आहे ना, मी हो म्हटलं.

मुद्दा चांगला आहे, सुलभा. तुला याचं उत्तर देता आलं नसतं असं मला वाटतं.

देऊन दाखव.